मेतोदचं वाळवण

त्या वर्षी एप्रिल संपता संपता कडाक्याची थंडी परत आली आणि आमच्या डोंगरउतारावरचा आलुबुखाऱ्याचा सगळा मोहर एका रात्रीत काळा पडला. एक फळ धरलं नाही. गावात सुतकच होतं म्हणा ना. फळ नाही म्हणजे दारू नाही, मुरंबा नाही, आणि माझ्या भावाला, मेतोदला, काम नाही. गावाचं वाळवणघर तोच सांभाळायचा. दगडी, बुटकं, खाली भट्टी आणि वर कामट्यांच्या जाळ्या. सप्टेंबर लागला की घरोघरची फळं पाळीपाळीनं तिथं यायची आणि मेतोद जाळाशी बसून असायचा, बाळंतिणीच्या उशाशी सुईण बसते तसा. त्याच्या हातचे वाळलेले आलुबुखारे पलीकडे स्लोवाकियातून लोक मागून न्यायचे. हे त्याला ठाऊक होतं, आणि जरा जास्तच ठाऊक होतं.

त्याच वर्षी त्याच्या बायकोचं, लिदाचं, पोटातलं दुखणं परत उपटलं. पहिल्यांदा ऑपरेशन करून, केस घालवून, ती त्यातून बाहेर आली होती. या खेपेला जिल्ह्याच्या डॉक्टरीणबाईंनी आम्हाला तिघांना समोर बसवलं आणि सरळ सांगितलं, "नाताळानंतर औषधाचा आणखी एक फेरा देता येईल. पण अंगात ताकद हवी. वजन असंच उतरत राहिलं, तर मी औषध देणार नाही. त्या औषधानंच या जातील." म्हणजे सगळं येऊन ठेपलं होतं जेवणावर. आणि लिदाला तर भाकरीच्या नुसत्या वासानं उमळून यायचं. मी जन्मभर शाळेच्या खानावळीत स्वयंपाक केला, नाकं मुरडणाऱ्या पोरांना पालक चारला, पण माझ्या भावजयीच्या पोटात सूपचे चार चमचे घालणं मला जमत नव्हतं. मला तिचा राग यायचा. आजारी माणसाचा राग येतो, लोक कबूल करत नाहीत एवढंच.

गांजाची रोपं आणली ती कुबिकनं. कुबिक मधमाश्यावाला, आमचा शेजारी, दाढीत कायम मेण अडकलेलं. गुडघेदुखीचं मलम करायला म्हणून तो कुंपणाशी दरवर्षी दोन-चार झाडं लावतो. गावात बऱ्याच जणी लावतात, त्यात लपवण्यासारखं काही नाही, फक्त बोलायचं नाही.

"माझ्या म्हातारीला शेवटी शेवटी मीच द्यायचो," तो मेतोदला म्हणाला. "दुधात लोणी घालायचं, त्यात याचे तुरे मंद उकळायचे. तासाभरानं ती रव्याची खीर मागायची. वाडगं चाटून पुसून."

"अन् नाही मागितली तर?"

"तर तू पी आणि झोप. तुलाही गरज आहे."

मेतोदनं ती रोपं खुराड्यामागे टोमॅटोच्या रांगेत लावली. जुलैपर्यंत टोमॅटो त्यांच्या गुडघ्याशी राहिले. गाव त्यांना 'मेतोदचे टोमॅटो' म्हणू लागलं. पोस्टवालीसुद्धा फाटकातून ओरडायची, "काय मेतोद, टोमॅटो मिशीपर्यंत आले की!" तो हसायचा नाही. ज्याच्या हाताला दुसरं काम नव्हतं, त्याला हे एक मिळालं होतं. खाजकुयलीचं पाणी कुजवून मुळाशी घालायचा, गोगलगाई हातानं वेचायचा, आणि संध्याकाळी आत येऊन लिदाला झाडांची हकीकत सांगायचा. ती ऐकायची. लग्नाच्या तीस वर्षांत तो तिच्याशी एवढं बोलला नव्हता.

सप्टेंबर उतरला तसं कुबिकनं सांगितलं, "आता खत बंद. नुसतं पाणी. झाडाला आपल्याच पानांतलं खाऊ दे, पानं पिवळी पडली तर पडू दे." मेतोदनं जुन्या टपाल तिकिटांच्या संग्रहाचं भिंग काढलं आणि रोज सकाळी तुऱ्यांवर डोळा लावून बसायला लागला. तुऱ्यांवर दहिवरासारखे चिकाचे बारीक थेंब असतात. ते आधी काचेसारखे, मग दुधाळ, मग त्यातले काही मधाच्या रंगाचे. मध दिसायला लागला की कापायचं.

"दिसला?" लिदा खिडकीतून विचारायची.

"दूध आहे अजून."

"मग गायीला सांग घाई कर म्हणून."

पण ऑक्टोबर लागला आणि पाऊस बसला तो उठेचना. सकाळी धुकं दरीतून वर यायचं आणि दुपारपर्यंत अंगणातच मुक्काम. मेतोद झाडांवर प्लास्टिक धरायचा, फांदी फांदी हलवून पाणी झटकायचा. एक दिवस सगळ्यात जाड तुरा त्यानं बोटांत धरला आणि तो आतून करडा, भुसभुशीत निघाला. चिमटीत राख आल्यासारखा. तो तसाच माझ्याकडे आला, तळहात पुढे करून. मी म्हटलं, "सडलंय. आजच्या आज काप, वाट बघू नकोस." मध दिसायच्या आधीच कापावं लागलं. कोण्या तज्ज्ञाला विचारायला वेळ नव्हता.

तो दिवस मात्र चांगला गेला. खरं सांगायचं तर त्या सगळ्या शरदातला तेवढाच. मेतोदच्या स्वयंपाकघरात टेबलावर वर्तमानपत्रं पसरली, मोठी पानं खुडून बाजूला केली, आणि तुऱ्यांभोवतीची बारीक पानं आम्ही कात्रीनं कापत बसलो. सडलेलं मी निवडून चुलीत टाकत होते. चूल ढणढणत होती, शेजारच्या बाकावर लिदा शाल गुंडाळून बसली होती. तिनं नखं कापायची कात्री मागून घेतली. बोटं चिकानं काळी झाली, कात्र्या मिटेनात, कुबिक त्या दारूनं पुसत होता आणि पुसता पुसता बाटलीलाही तोंड लावत होता.

"गेल्या सालची आहे ती, मेल्या," मी म्हटलं. "यंदा थेंब नाही व्हायचा. जपून."

"कात्रीला गंज चढेल ना, आनेश्का."

"कात्रीला नाही, तुझ्या नाकाला चढलाय."

लिदा हसली. हसताना तिच्या गळ्याच्या शिरा दिसत होत्या, तरी हसली. म्हणाली, "माझ्या आयुष्यात मेतोदनं मला फुलं म्हणून ही पहिलीच दिली. आणि तीसुद्धा पोलिसांनी न्यावीत अशी."

भांडण लागलं ते वाळवण्यावरून. कुबिकचं म्हणणं, माळ्यावर अंधारात दोरीला उलटी टांगायची, थंड हवेत, हळूहळू, आणि काडी कट्‌कन मोडायला लागली की मगच काचेच्या बरणीत. बरणीसुद्धा रोज उघडून हवा द्यायची. मेतोदनं वर बोट केलं. माळ्यावर छपरातून ओल उतरली होती, कांद्यांनासुद्धा कोंब फुटले होते.

"वर टांगलं तर सडेलच," मेतोद म्हणाला. "मी वाळवणघर पेटवतो."

"अरे, तो काय आलुबुखारा आहे?"

"ओलं ते ओलंच. तू मध काढ, कुबिक. वाळवायचं मला शिकवू नकोस."

"जाळावर वाळवलं की वरून कुरकुरीत होतं आणि आत ओल कोंडते. ऐक माझं."

"आत थोडी ओल राहायलाच हवी. खडखडीत वाळलं म्हणजे जीव गेला त्यातला."

हे तो आलुबुखाऱ्याचं बोलत होता. आलुबुखाऱ्याचं ते खरंच आहे. वरून सुरकुतलेला, आत मऊ, असाच काढायचा, मग पेटीत दाबून भरायचा आणि झाकण लावून त्याला घाम येऊ द्यायचा. अॅडव्हेंटपर्यंत, म्हणजे नाताळाआधीचे चार आठवडे लागेपर्यंत, पेटी उघडायची नाही. आमच्या बापानं हे त्याला शिकवलं, बापाला त्याच्या बापानं. त्याच्या हातांना दुसरं काही येतच नव्हतं. कुबिक माझ्याकडे बघून खांदे उडवत निघून गेला. मी मध्ये पडले नाही. मला वाळवणातलं कळत नाही, आणि वर्षभर गार पडलेल्या भट्टीचा धूर निघालेला बघून मलाच जरा बरं वाटलं होतं.

गावभर वास पसरला. दुकानात बायका म्हणाल्या, "यंदा मेतोद स्वर्ग वाळवतोय वाटतं." तो जाळ लहान ठेवून, जाळ्या फिरवत, तिथंच बसून होता. दुसऱ्या दिवशी तुरे काढले, चिमटीत दाबून बघितले. वरून कुरकुरीत, आत लोण्यासारखे. "बघ," तो मला म्हणाला, "जमलंय." आणि मोठ्या बरण्यांमध्ये मुठीनं दाबून दाबून भरले, झाकणं घट्ट लावली आणि तळघरात नेऊन ठेवल्या.

अॅडव्हेंटची वाट बघायला मात्र लिदाकडे वेळ नव्हता. नोव्हेंबरच्या सुरुवातीला, मृतांच्या दिवशी, आम्ही कबरस्तानात मेणबत्त्या लावून आलो. ती फाटकाशीच गाडीत बसून होती, काचेतून बघत. घरी आल्यावर मेतोद तळघरात गेला, एक बरणी उघडली, आणि कुबिकनं सांगितलं होतं तसं दुधात लोणी घालून उकळलं. मग कप तिच्या हातात देऊन म्हणाला, "पी. मी सूप गरम करतो." मी कबरस्तानातून परस्पर माझ्या घरी गेले होते. दुसऱ्या दिवशी तो मला रस्त्यात गाठून सांगत होता, मोठमोठ्यानं, लोक ऐकतील याची पर्वा न करता.

"वाडगंभर! आनेश्का, वाडगंभर सूप प्यायली!"

"कसलं?"

"लसणाचं. वर पावाचा तुकडा."

मला रस्त्यातच रडू आलं. मग रोज तो सांगायचा. आज अर्धी पोळी, आज बटाट्याचं सार, आज कोबीची भाजी आणि एक डंपलिंग. मी स्वतः एका दुपारी गेले तेव्हा बघितलं. ती टेबलाशी बसून खात होती, अगदी सावकाश, एकेक घास बराच वेळ चघळत. मेतोद स्वयंपाकघराच्या दारात हातात डाव घेऊन उभा होता, जणू तिनं ताट रिकामं केलं की लगेच आणखी वाढायचं. दोघंही एकमेकांकडे बघत होती. घामानं तिचं कपाळ चमकत होतं, मधूनमधून खोकतही होती, पण मी म्हटलं, चुलीजवळ आहे, गरम होत असेल, धूर लागत असेल. नोव्हेंबरच्या मध्याला डॉक्टरीणबाईंनी वजन केलं. उतरलं नव्हतं. त्या म्हणाल्या, "असंच ठेवा, मग नाताळानंतर बघू." मेतोदनं परतताना बेकरीत सगळ्यांना केक घेतला, अगदी गाडीवाल्याला सुद्धा.

आणि मग मी ती बरणी पाहिली.

माझे गुडघे दुखत होते. म्हटलं, जरा मलमापुरतं घेऊ. मेतोद तळघरातून बरणी घेऊन आला आणि खिडकीत उजेडाला धरून म्हणाला, "बघ किती पांढरं आलंय. भरलं तेव्हा एवढं नव्हतं. घाम आला आणि चीक वर आला. कुबिकला दाखवणार आहे."

मी झाकण काढलं. मांजर मुतलेल्या पोत्यासारखा वास आला.

"अरे गाढवा," मी ओरडले, "चीक कसला? बुरशी आहे ही!"

"बुरशी कशी असेल? जाळावर वाळवलंय मी."

"आण तुझं ते भिंग. आण म्हणते ना!"

त्यानं भिंग आणलं. डोळा लावला. थेंब नव्हते तिथं, तुऱ्यातून बारीक पांढरे केस उभे होते, एकमेकांत गुंतलेले. तो बराच वेळ वाकून राहिला. मी गप्प बसायला हवं होतं असं लोक मला नंतर म्हणाले. पण जिच्या अंगात औषधांनी काही शिल्लक ठेवलं नव्हतं, त्या बाईला रोज बुरशी उकळून पाजायची आणि मी गप्प बसायचं? मी बोलले. आजही बोलेन.

"तिची छाती बघितलीस का? खोकला बघितलास? जीव घेशील तिचा! कुबिकनं सांगितलं होतं, तेव्हा तुझी अक्कल कुठं चरायला गेली होती?"

मेतोदचं तोंड पांढरंफटक पडलं. त्यानं तळघरातल्या सगळ्या बरण्या ढकलगाडीत घातल्या आणि वाळवणघराकडे निघून गेला.

लिदा आतल्या खोलीत पडून होती. सगळं ऐकलं होतं तिनं. मी तिच्याशी बसले आणि म्हटलं, "उद्या डॉक्टरीणबाईंना सांगू. छातीचा फोटो काढू."

"कशाला? मी एक थेंब प्यायलेली नाही."

"काय?"

"पहिल्याच दिवशी वास आला. माझं पोट गेलंय, आनेश्का, नाक नाही." ती छताकडे बघत होती. "तो सूप गरम करायला वळला की मी राखेच्या बादलीत ओतायची."

"अगं, मग जेवत कशी होतीस?"

"तो दारात उभा राहायचा ना." तिला दम लागला. "माझ्या आजारात त्याला करता येईल असं एकच काम होतं, आणि ते त्यानं इतक्या आनंदानं केलं होतं. तो बघत असताना घास खाली ठेवता येत नव्हता. गिळायची. मग तो कोंबड्यांकडे गेला की कधी कधी ओकायची, पण पुष्कळसं आत राहायचं. वजन राहिलं की नाही? राहिलं." मग तिनं माझ्याकडे मान वळवली. इतक्या वर्षांत ती माझ्याशी अशी बोलली नव्हती. "तुला काय गरज होती त्याला सांगायची? मला विचारायचंस आधी."

"मला वाटलं तू मरशील."

"ते मला माहीत आहे गं."

मला तिथं बसवेना. मी वाळवणघराकडे गेले, चिखल तुडवत. भट्टी पेटलेली होती आणि मेतोद बरण्यांतले तुरे मुठी मुठीनं आत टाकत होता. ओले तुरे धड पेटत नव्हते, नुसते धुमसत होते. मला वाटलं, याच्या छातीवरचा दगड तरी उतरवावा. म्हणून मी त्याला सांगून टाकलं, की तिनं घोटसुद्धा घेतला नव्हता, तिला काही होणार नाही.

तो थांबला. "एकदाही नाही?"

"एकदाही नाही."

"मग खात कशी होती?"

"तुझ्याखातर, मेल्या! तू दारात उभा असायचास म्हणून!"

मला वाटलं होतं, हे ऐकून तो रडेल, हसेल, घरी धावत जाईल. त्यानं हात कोटाला पुसले आणि खाली बघत म्हणाला, "म्हणजे तिला तेव्हाही भूक नव्हतीच. मी बळंच तिच्या घशात घालत होतो."

"तसं नाही रे."

"तसंच आहे. घाम यायचा तिला खाताना. मला वाटायचं, औषध लागू पडतंय."

मी पुष्कळ समजावलं. मला समजावता येत नाही, मला ओरडता येतं. तो नंतरचे काही दिवस जेवणाच्या वेळी घरात थांबायचाच नाही. सरपण फोडायचा, नाहीतर उगाच फाटक दुरुस्त करत बसायचा. मी ताट करून लिदापुढे ठेवायची. ती दाराकडे बघायची, एक घास घ्यायची, पुन्हा दाराकडे बघायची आणि ताट सारायची. माझ्याकडे बघून तिला खाता येत नव्हतं. मी विनवलं, मग शिव्या दिल्या, मग परत विनवलं.

शेवटी एका दुपारी मी अंगणात जाऊन मेतोदच्या हातातली कुऱ्हाड काढून घेतली. "नाताळ तोंडावर आलाय," मी म्हटलं. "आत चल. काही करू नकोस, काही बोलू नकोस, नुसता दारात उभा राहा."

तो आला. पायातले बूट काढले आणि चौकटीला टेकून उभा राहिला. लिदाच्या तोंडावर एकदम रंग आला. मी रव्याची खीर केली होती, वर लोणी आणि दालचिनी. तिनं चमचा भरून तोंडात घातला, त्याच्याकडे बघत. चघळायला त्यात काही नव्हतं, तरी ती चघळत राहिली. गिळला. दुसरा घेतला. तिच्या कपाळावर घाम आला, गळ्याची शीर वर-खाली झाली, आणि मी मनातल्या मनात म्हणत होते, जा, खाली जा, खाली जा.

तिनं तिसरा चमचा भरला तेव्हा मेतोद पुढे आला. तिच्यासमोर खाली बसला, तिच्या हातावर आपला हात ठेवला आणि इतक्या मायेनं बोलला, की बाहेरच्या कुणी ऐकलं असतं तर त्याचं कौतुक केलं असतं.

"पुरे, लिदुश. माझ्यासाठी नको खाऊस."

ती त्याच्याकडे बघत राहिली. मग तिनं चमचा वाडग्यात ठेवला. तो पुन्हा तिनं कधी उचलला नाही.